डाव्या पायाचं काम

२२ जून २०२५, रविवार. सकाळी ७ वाजून ४० मिनिटं

मागच्या दारात बसून पेन्सिलीला टोक करत होतो, तेवढ्यात स्कूटर न्यायला माणूस आला. साडेतेरा हजारांना ठरली होती, त्यानं तेवढेच मोजून दिले. बाबांनी त्याला चोक किती ओढायचा ते सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा सांगितलं. मग मागच्या सीटवरचं कव्हर सोडवून घेतलं. माणूस म्हणाला, "काका, कव्हर तो साथे ज हतुं ने?" बाबा म्हणाले, "कव्हर मारी वाइफनुं छे. स्कूटर तारी."

कव्हर आईनं शिवलेलं आहे.

ही दैनंदिनी (दि ऱ्हस्व, नी दीर्घ) आजपासून सुरू करतोय. मोठा व्यवहार करायचा तर सगळं लिहून ठेवावं, असं आमचे शेठ म्हणतात. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात, म्हणजे जुन्या मराठी वस्तीत, लग्नपत्रिकांच्या छापखान्यात काम करतो. टायपिंग आणि प्रूफ, मराठी आणि गुजराती दोन्ही. बारावीला गणितात दोनदा राहिलो आणि पुढं शिकलो नाही. पण सात वर्षांत माझ्या हातून एकाही नवरीचं नाव चुकीचं छापलं गेलेलं नाही.

व्यवहार असा, की मोटार घ्यायची आहे.

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. होळीच्या सुमारास डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. आईला लहानपणी पोलिओ झाला होता. तिचा डावा पाय बारीक आणि आखूड आहे, गुडघ्यावर हात दाबून चालते. एकतीस वर्षं ती जिथं गेली तिथं बाबांच्या मागे बसून गेली. आता रिक्षा. रिक्षात चढताना तिला पाय हातानं उचलून आत ठेवावा लागतो, आणि नेमका तेव्हा रिक्षावाला मुद्दाम दुसरीकडे बघतो. आई म्हणते, "बघितलं असतं तरी चाललं असतं." म्हणून ती बाहेर पडतच नाही. घरी बसून ब्लाउज शिवते.

मे महिन्यात शहराबाहेर कोयलीला संपतमामांच्या नातीचं बारसं झालं. आईनं झबलं शिवून माझ्या हाती पाठवलं. "गर्दीत मी कुठं," म्हणाली. मुलीचं नाव अवंती. आईनं तिला अजून फोनमध्येच पाहिलंय. झबल्यातला फोटो मोठा करून ती बाही नीट बसली का ते बघत होती, असं मला वाटलं.

मी स्वतः गाडी चालवायला शिकलेलो नाही. हेही लिहून ठेवतो.


२९ जून, रविवार

शोरूममध्ये अडीच तास. काउंटरवर भक्ती नावाच्या बाई होत्या (बाई म्हणजे माझ्याच वयाच्या असतील). मी विचारलं, "आ भावमां टॅक्स केटलो?" त्या म्हणाल्या, "बधुं आवी गयुं." मी म्हटलं, सगळं आलं ते ठीक, पण त्यात गाडी किती आणि कर किती? शिवाय त्यांच्या गुजराती बोर्डावर ‘किंमत’ला अनुस्वार नव्हता, तेही सांगितलं.

त्यांनी मान वर करून पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "दांडिया बाजारचे का तुम्ही?" त्यांना कसं कळलं माहीत नाही.

त्यांनी कागदावर मांडून दिलं. गाडी ४,७५,०००. त्यावर जीएसटी अठ्ठावीस टक्के आणि सेस एक टक्का, मिळून एकोणतीस. म्हणजे १,३७,७५०. एकूण ६,१२,७५०. मी दोनदा गुणून पाहिलं, बरोबर आहे. वर आरटीओचा कर सहा टक्के आणि विमा, ते वेगळं.

मी म्हटलं, "एवढ्या करात आमच्या स्कूटरसारख्या दहा स्कूटर येतील."

"दहा स्कूटर ठेवाल कुठं?" त्या म्हणाल्या. मग विचारलं, "गाडी कुणासाठी घेताय?"

मी आईबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं, की पायाचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचा दाखला असेल तर अशा लहान पेट्रोल गाडीवर अठ्ठावीसऐवजी अठराच टक्के लागतात, सेस नाही. दवाखान्याचा दाखला घ्यायचा, तो दिल्लीला पाठवायचा, तिथून पत्र आलं की झालं. गाडी मात्र आईच्याच नावावर हवी.

अठरा टक्के म्हणजे ८५,५००. वाचतात ५२,२५०.

कागदांच्या झेरॉक्सचे अठरा रुपये झाले. माझ्याकडे सुटे नव्हते, भक्तींनी दिले. द्यायचे आहेत.


३० जून

दवाखान्याचा फॉर्म गुजरातीत आहे. संध्याकाळी बाबांना वाचून दाखवला. चौथ्या ओळीत ‘खोडखांपणनी टकावारी’ असं आहे. खोडखांपण म्हणजे शरीरातला दोष. पण बाबांनी फक्त ‘खोड’ ऐकलं.

"हिच्या खोडीची टक्केवारी? मग डॉक्टरला कशाला विचारायचं? मी आहे ना. लिही. रागावली की बोलत नाही, नुसतं मशीन चालवते, धर वीस टक्के. चहात साखर कमी घालते आणि विचारलं तर घातली म्हणते, दहा."

आतून मशीन थांबलं. आई म्हणाली, "आणि तुमच्या खोडींना तो फॉर्म पुरेल का? की जोडपत्र लावायचं?"

"तीस झाले. चाळीस पाहिजेत," बाबा म्हणाले. "अजून दहाची सोय कर."

आई हसली. नंतर मशीन बराच वेळ बंदच होतं. मी आत गेलो तर हातातलं ब्लाउज तसंच होतं. म्हणाली, "कुशा, चाळीसपेक्षा कमी निघाले तर?" मी म्हटलं, तर बावन्न हजार जास्त भरावे लागतील. "आणि जास्त निघाले तर?" मी म्हटलं, जास्त निघाले तर काहीच अडचण नाही.

तिनं ब्लाउजची घडी घातली. मला वाटतं तिला दिल्लीचं टेन्शन आलंय.

आमच्या घरी त्या पायाला आजवर कुणी काही नाव दिलं नव्हतं. ‘आईचा पाय’ एवढंच म्हणत आलो. फॉर्मवर मात्र रकाना आहे.


९ जुलै, बुधवार

सरकारी दवाखाना. आमचा नंबर चौतीस. आई इस्त्रीची नवी साडी नेसली होती.

डॉक्टर तरुण होते. टेपनं दोन्ही पाय मोजायला लागले, तर आई म्हणाली, "टेप ताणून धरा साहेब, नाहीतर अर्धा इंच खाईल." त्यांनी विचारलं, "टेलर मास्तर छो?" आई म्हणाली, "तीस वर्षं ब्लाउज शिवते." मग त्यांनी टेप ताणून धरली.

शेवटी म्हणाले, पन्नास टक्के.

आई म्हणाली, "पन्नास? थोडे कमी नाही का होणार? चाळीसला चालतं म्हणे. चाळीसच लिहा."

"बेन, लोक इथं वाढवून मागतात."

"मला नको वाढवून. पंचेचाळीस करा."

डॉक्टर हसले, पण पन्नासच लिहिले. माझा जीव भांड्यात पडला. आईला मात्र ते पाच टक्के लागले असावेत, कारण चष्मा पुसायला तिला फार वेळ लागला.

निघताना डॉक्टर म्हणाले, "उजवा पाय तुमचा एकदम मजबूत आहे. क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी असती तर तुम्हीच चालवली असती." सगळं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिलं, कामाचं नाही.

रिक्षात आईनं विचारलं, "कुशा, क्लच म्हणजे काय रे?" मी म्हटलं, तुला नको ते टेन्शन, ते चालवणाऱ्याचं काम.


२० जुलै, रविवार

ड्रायव्हिंग क्लासचा सहावा दिवस. फ्लायओव्हरच्या चढावर गाडी पाच वेळा बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्यानं खाली उतरून माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत जाऊन बसला. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी जमिनीवर तीन चपला मांडून सराव केला. आई भाजी निवडत बघत होती.

"डावी चप्पल कसली?"

"क्लच. डाव्या पायानं दाबायचा आणि अलगद सोडायचा. तेच तर सगळ्यात अवघड."

"डाव्या पायाचं काम एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"आणि उजव्याचं?"

"दाबलं की पळते, कमी दाबलं की सावकाश. शेजारी ब्रेक."

"म्हणजे मशीनसारखं."

आईच्या मशीनला मोटर आहे, ती उजव्या पायानं दाबून चालवते. मी म्हटलं, मशीनपेक्षा फार अवघड असतं, आई.

दुपारी तिच्या खोलीतून मशीनचा वेगळाच आवाज येत होता. सावकाश, जोरात, सावकाश, मग एकदम बंद. पुन्हा तसंच. जाऊन बघितलं तर सुईत दोरा नव्हता आणि खाली कापड नव्हतं. बिघडलंय का विचारलं. "तेल घातलंय, फिरवून बघतेय," म्हणाली.


२ ऑगस्ट, शनिवार

दाखला आला. नावाच्या जागी ‘सुहासिनीबेन गोविंदभाई सुर्वे’. आधार कार्डावर ‘सुहासिनी गोविंदराव सुर्वे’ आहे. इथं कोणीही आदरानं ‘बेन’ आणि ‘भाई’ जोडतं, त्यात वाईट हेतू नसतो, पण दिल्लीतल्या माणसाला काय कळणार की ही तीच बाई आणि तो तोच नवरा?

बाबा म्हणाले, "एकतीस वर्षं हिचा नवरा आहे, आता भाई केला."

दुरुस्तीचा अर्ज दिला. बाबांना वाटतं चाललं असतं. कदाचित चाललंही असतं. पण मी दुसऱ्यांच्या आयांची नावं दुरुस्त करून पगार घेतो. आपल्या आईचं नाव चुकीचं कसं सोडू?


२३ ऑगस्ट, शनिवार

दुरुस्त दाखला मिळाला. शोरूममध्ये भक्तींनी सगळे कागद स्कॅन करून दिल्लीचा अर्ज भरला. माझी फाइल बघून म्हणाल्या, "एवढं सुंदर अक्षर आणि एवढी नीट फाइल मी आजवर बघितली नाही." मी म्हटलं, पंच मशीनला एक मापपट्टी येते, ती लावली की भोकं सरळ पडतात.

मग म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या पत्रिका तपासता, स्वतःची कधी छापणार?" मी सांगितलं, की घाई नाही, आणि आमच्याकडे कामगारांना पत्रिकेवर वीस टक्के सूट मिळते. त्या खूप हसल्या. त्यात काय हसण्यासारखं होतं, समजलं नाही.

जाता जाता सांगितलं, की गाड्यांवरचा कर कमी होणार अशी बोलवा आहे, गिऱ्हाइकं थांबलीत. मी म्हटलं, आपण बोलवेवर थांबायचं नाही. दिल्लीचं पत्र आलं की घ्यायची.

अठरा रुपये काढून दिले. म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या वेळी."


४ सप्टेंबर, गुरुवार

शेठनी पेपर दाखवला. बावीस तारखेपासून लहान गाड्यांवर जीएसटी अठरा टक्के. सगळ्यांना. दाखला नको, अर्ज नको, दिल्लीचं पत्र नको.

भक्तींना फोन केला. म्हणाल्या, "खरं आहे, कुशल. तुमची सवलत आणि आता सगळ्यांचा दर, दोन्ही सारखेच झाले."

सहासष्ट दिवस. त्यातले एकवीस नुसते ‘बेन’ आणि ‘भाई’ काढण्यात. मी काहीही केलं नसतं, घरी बसून राहिलो असतो, तरी हेच झालं असतं. फक्त आईला त्या टेबलावर झोपवून कुणी तिचा पाय मोजला नसता. पन्नास हा आकडा आमच्या घरात आलाच नसता. दिवसभरात तीन प्रुफं वाचली आणि एका नवरदेवाचं आडनाव चुकवलं. शेठनी पकडलं.

संध्याकाळी आरती झाली. घरी गणपती आहेत. मी तिथंच सांगून टाकलं.

आईनं निरांजन खाली ठेवलं. "म्हणजे सगळ्यांना अठरा?"

"हो."

"आणि मला?"

"तुलाही अठराच. म्हणजे आपण उगाचच..."

"मला पण अठरा, शेजारच्या पटेलांना पण अठरा?"

"हो ना, तेच म्हणतोय."

आई हसायला लागली. डोळ्यांना पदर लावून हसत होती. "अहो, ऐकलंत का? मी सगळ्यांच्या बरोबरीची झाले."

बाबा म्हणाले, "सरकारनं तुझी खोड खोडली."

मग तिनं मला दोन मोदक जास्त वाढले. मला वाईट वाटू नये म्हणून ती हसली असावी. आईचा स्वभावच तसा आहे.


१३ सप्टेंबर, शनिवार

आई स्वतःहून म्हणाली, की तिला गाडी बघायची आहे. बाबा म्हणाले, पितृपक्षात? आई म्हणाली, "घ्यायची नाही, बघायची. बघायला पितर काही म्हणत नाहीत."

रिक्षा आणली. आईनं पाय उचलून आत ठेवला आणि रिक्षावाल्यानं नेहमीसारखं समोरच्या भिंतीकडे बघितलं. तर आई त्याला बघायलाच सांगते, "जुओ ने भाई, जुओ. पचास टका छे. सरकारी सिक्कावाळुं." तो गडबडला, मग हसला, आणि उतरताना त्यानं आपणहून हात पुढं केला. आईनं तो धरला. मला सगळा रस्ता लाज वाटत होती. आईला वाटत नव्हती.

पितृपक्षामुळे शोरूम रिकामं. भक्तींनी आईला वाकून नमस्कार केला आणि न विचारता एका ऑटोमॅटिक गाडीपाशी नेलं. आई गाडीला वळसा घालून उजव्या दारापाशी गेली. मी म्हटलं, "आई, ती ड्रायव्हरची बाजू. तुझी बाजू डावीकडे." आई म्हणाली, "हो का," आणि तिथंच बसली. डावा पाय हातानं उचलून आत घेतला, कडेला नीट ठेवला. खाली बघितलं.

"दोनच आहेत," भक्तींना म्हणाली.

"दोनच, काकू. ब्रेक आणि रेस."

"डाव्याला काही काम नाही?"

"काही नाही. त्यानं आरामात बसायचं."

आई स्टीअरिंगला हात न लावता बराच वेळ बसून राहिली. मी भक्तींना बाजूला घेऊन सांगितलं, की ही आपल्याला परवडायची नाही, करासकट पन्नास हजार दीडशेनं महाग आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुशल, तुमच्या लक्षात काहीच येत नाही ना?"

मी म्हटलं, येतं की. विम्याचा आकडा तुम्ही मागच्यापेक्षा दोनशेनं जास्त सांगितलात.

त्यांनी कपाळाला हात लावला. अठरा रुपये आजही घेतले नाहीत.


१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी आई मशीनवर होती. बाबा रेडिओ ऐकत होते. आई मान वर न करता म्हणाली, "कुशा, माझ्या त्या बावन्न हजारांचं काय झालं?"

"कुठल्या?"

"माझ्या पायामुळे वाचणार होते ते."

"ते आता सगळ्यांचेच वाचणार आहेत, आई."

"सगळ्यांचं ते बघतील. माझे किती?"

"बावन्न हजार दोनशे पन्नास."

"आणि कालची ती गाडी, डाव्या पायाचं काम नसलेली? ती किती जास्त?"

"पन्नास हजार एकशे पन्नास."

मशीन चालू झालं. एक अख्खी शिवण घातली तिनं. मग दोरा तोडला. "मग बसतंय की. वर दोन हजार शंभर उरतात."

मी म्हटलं, पण ती कशाला घ्यायची? क्लच मला येईल हळूहळू. लायसन्सच्या परीक्षेत चढावर एकदा नापास झालो म्हणून काय झालं? मी शिकतोय ना.

 बाबांनी रेडिओ बंद केला. "अरे, मला दिसत नाही ते ठीक आहे," म्हणाले. "तुझे डोळे तर चांगले आहेत ना?"

मी इथं येऊन बसलो आणि ही वही पहिल्या पानापासून वाचली, प्रूफ वाचतो तशी. बोट ठेवून, एकेक ओळ. शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या. आणि बाकी सगळं. क्लच म्हणजे काय रे. म्हणजे मशीनसारखं. सुईत दोरा नव्हता. हे सगळं माझ्याच अक्षरात आहे. मीच लिहिलंय आणि पुढच्या ओळीला गेलोय.

९ जुलैला ‘कामाचं नाही’ असं लिहिलंय. ते दोन शब्द खोडले. पेननं.

परत गेलो. आईला विचारलं, "तुला चालवायची आहे?"

ती म्हणाली, "बाबा म्हणतात, येईल मला."

"तुला काय वाटतं?"

"तीस वर्षं उजवा पाय हेच करतोय. फरक इतकाच, की मशीन कधी मला कोयलीला घेऊन गेलं नाही."

मला भीती वाटते. हेही लिहितो. बडोद्याचा ट्रॅफिक, वळणावरच्या गाई, गरब्याच्या दिवसांतली गर्दी. आईचा पाय घसरला तर? तिला कुणी हॉर्न मारला तर? पण ती मला पहिल्यांदा शाळेत एकटं सोडून परत गेली तेव्हा तिला जेवढी वाटली असेल, त्याहून ही जास्त नसावी.

भक्तींना फोन केला. आईला लायसन्स मिळेल का? त्या एकदम म्हणाल्या, "चला, पोहोचलात एकदाचे!" मग नीट सांगितलं. आधी शिकाऊ लायसन्स, डॉक्टरचं सर्टिफिकेट, आणि आरटीओचा इन्स्पेक्टर स्वतः चालवायला लावून बघेल. द्यायचं की नाही ते तोच ठरवतो. अर्जाला पायाचा दाखला जोडावा लागेल.

"कुठला दाखला?" मी विचारलं.

"तोच. बेन आणि भाई काढून आणलेला."


२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. आज बुकिंग. आता गाडी आईच्याच नावावर हवी अशी सक्ती नाही, म्हणून भक्तींनी विचारलं, "नाव कुणाचं?" मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "माझंच राहू दे. पोरानं एवढ्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय." स्पेलिंग मी तीन वेळा तपासलं.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. दुपारी ४ वाजून १० मिनिटं

गाडी दारात उभी आहे. मी मागच्या दारात बसून लिहितोय.

माझं लायसन्स अजून झालेलं नाही, म्हणून शोरूमपासून घरापर्यंत भक्तींनी चालवली. आई पुढं त्यांच्या शेजारी, मी आणि बाबा मागे. सगळे म्हणत होते, काकू, बाहेर बघा, किती सजलंय. आईनं संपूर्ण रस्ता भक्तींच्या पायांकडे बघितलं. एका सिग्नलला म्हणाली, "आता ब्रेक जरा उशिरा दाबलास." भक्ती म्हणाल्या, "हो काकू, खरंच उशीर झाला." आई भक्तींशी एकेरीत केव्हापासून बोलायला लागली, ते लिहिलेलं नाही.

घरी आल्यावर आईनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि आपट्याचं पान ठेवलं. बाबांनी हातानं चाचपून चारी दारं पाहिली. मग स्कूटरचं कव्हर आणून ड्रायव्हरच्या सीटवर घातलं. ते जरा आखूड पडतं. आई म्हणाली, आखूड माणसाला आखूड कव्हर, राहू द्या.

आमची फाइल मी नीट लावून कपाटात ठेवली आहे. दिल्लीचं पत्र अजून आलेलं नाही. आलं तर तेही लावीन.

आतापर्यंतचा हिशेब:

गाडी ५,१७,५००, त्यावर कर अठरा टक्के ९३,१५०, मिळून ६,१०,६५०. (जूनमध्ये सांगितलेल्या क्लचवाल्या गाडीपेक्षा २,१०० रुपयांनी कमी. तीनदा तपासलं.)

आरटीओ कर व नोंदणी ३८,४००. विमा २७,८००. एकूण ६,७६,८५०.

त्यात बाबांचे ३,२०,०००, माझे १,१६,८५०, आईचे शिलाईचे ४०,०००, पतपेढीचं कर्ज २,००,०००.

हार, नारळ, लिंबं १९०. पेढे ३४०.

ड्रायव्हिंग क्लासचे माझे आठ दिवस उरले होते. चारच मी ठेवले, चार आईच्या नावावर केले. त्यांच्याकडे क्लच नसलेली एक गाडी आहे. आईची शिकाऊ लायसन्सची तारीख नऊ ऑक्टोबर. तोपर्यंत आपली गाडी चालू करून फक्त उभी ठेवायची, असं ठरलंय. ठरवलंय मी, आईनं मान हलवली आहे.

देणं: पतपेढीचे २,००,०००, पहिला हप्ता नोव्हेंबरात.

देणं: भक्ती यांचे झेरॉक्सचे १८ रुपये. आज चौथ्यांदा दिले, घेतले नाहीत. म्हणाल्या, "ते फिटले तर तुम्ही कशाला याल?" यावर विचार करायचा आहे.

झबल्याचं कापड, अर्धा मीटर, ९० रुपये. आईनं आज पाटीपूजा झाल्यावर मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि लगेच कापायला घेतलं. माप बघितलं तर एक वर्षाचं. मी म्हटलं, आई, अवंती पाच महिन्यांची आहे, फार मोठं होईल. आई म्हणाली, "तिला बघायला उद्यासुद्धा जाईन, कुणी नेलं तर. पण हे मी गाडी चालवत नेणार. तोवर ती एवढी झालेली असेल."